कार्डाचा चौथा कोपरा

झुंबरअक्काच्या डोक्यावर कधीही कावळा बसलेला नाही. हे मी आधी लिहून टाकते. आमच्या गावात बायका अजून तिला पाणवठ्यावर विचारतात, "अक्का, तो कावळा कसा बसना व्हता वं?" ती तोंडाला पदर लावून हसते आणि दरवेळी थोडं वेगळं सांगते. मी शेजारी घागर घासत असते. तीच घागर पुन्हा घासते.

अक्का माझी मोठी जाऊ. तिचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आमचं गाव धुळ्याजवळ, पांझरेच्या काठी. बैलगाडीनं जायचं तर मधे एक मुक्काम पडतो. ती अकराव्या वर्षी या घरात आली. सासूबाईंच्या हाताखाली वाढली, दोन मुली झाल्या, त्या लग्न होऊन सासरी गेल्या. मी आले तेव्हा ती तिशीची होती. भाकरी थापताना ती पिठाकडे बघायची नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. शेतावर किती माणसं आहेत हे कोणी न सांगता तिला कळायचं आणि भाकरी बरोब्बर तेवढ्याच व्हायच्या. बैलांशी ती भांडायची. एका बैलाला ती 'सासरा' म्हणायची, सासूबाई समोर नसताना.

माझं माहेर जळगावचं. वडील शाळेत मास्तर होते. मुलींच्या शाळेत माझ्या सहा इयत्ता झाल्या, पुढे लग्न झालं. ट्रंकेत दोन लुगडी, एक पोथी आणि एक कोरी वही घेऊन मी इथं आले. मालकांनी, म्हणजे गिरधररावांनी, पहिल्याच वर्षी घरात सांगितलं की दुपारची जेवणं झाली की हिला तासभर पोथी वाचू द्यायची. देवाचं काम म्हणून सासूबाई गप्प बसल्या. वच्छलाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कडक, पण देवाला भिणाऱ्या.

खरं सांगायचं तर तासभर पोथी नसायची. एक अध्याय मी मनापासून वाचायची, मोठ्यानं. मग मालकांनी धुळ्याच्या वाचनालयातून आणलेलं जुनं मासिक पोथीत ठेवून गोष्ट वाचायची, हळू आवाजात. आत्याबाई खाटेवरून लांबून हात जोडायच्या. अक्का समोर सुपात डाळ निवडत बसलेली असायची. एकदा गोष्टीतल्या सावकाराची फजिती झाली तशी ती फस्सकन हसली.

"पोथीमां हसू कवयपासून येवाले लागनं?" आत्याबाई म्हणाल्या.

"देव बी हसस ना, मायबाई," अक्का म्हणाली, आणि मान खाली घालून खडे वेचायला लागली.

मी तिला अक्षरं शिकवते म्हणून मागे लागले होते. धुळीत बोटानं 'झ' काढून दाखवला. तिनं तो पायानं पुसला.

"तू वाच, मी आयकस. दोन्ही जनी वाचाले बसनूत, तर भाकरी कोन टाकी?"

ते मला तेव्हा गमतीचं वाटलं. माझ्या वाट्याचं अर्धं दळण ती पहाटे उरकून टाकत होती, माझी प्रमिला तिच्या कडेवर असायची, आणि माझा तो तास तिच्या हातापायांतून निघत होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी मासिकाचं पान उलटत होते.

वाचण्यासारखाच मला लिहिण्याचा नाद. मोठं काही नाही, ओव्या. काम करताना एखादी ओळ यायची आणि ती वहीत उतरली की दिवसभर मन निवांत व्हायचं. मग कोणी काही बोललं तरी लागायचं नाही. पण ओळ येताना माझं भान सुटायचं. एकदा दूध उतू जाऊन सगळी चूल विझली.

"इंदिरा! तुन्हा डोया त्या कागदमां, मंग चुल्हा कोन देखी?" आत्याबाईंनी चिमटा आपटला. "आखो एक डाव असं व्हयनं, तर ती वही मी चुल्हामां घालसू. पोथीले मी हात लावाव नही, ती देवनी शे. पन वही तुन्ही शे."

त्या बोललेलं करतात. मला वहीची धास्ती बसली.

ही गोष्ट त्रेचाळीस सालची. लढाईमुळे कागद मिळेना. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूसुद्धा मी भरून टाकल्या होत्या. चैत्र संपत आला होता. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या. पण माहेरचं कोणी मूळ म्हणून न्यायला आलं तरच जायचं, आपण होऊन कोणी जात नाही. दोन वर्षं अक्काचं जाणं झालं नव्हतं. एकदा शेतीची कामं, एकदा तिला हिवताप. त्या दिवशी दुपारी तिनं एक कोरं पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"लिख. तोतारामभाऊले म्हना, आखाजीले मूळ लवकर ये. दोन साल व्हयनात, माय देखी नही. आबाले म्हना, माले आंबा ठेव."

"आणि?"

"आनि काय? मी बरी शे म्हनीसन लिख. हिवताप गया."

एवढं सांगून तिनं प्रमिलाला उचललं आणि गोठ्याकडे नेलं. मला लिहायला निवांतपणा मिळावा म्हणून. आत्याबाई आत झोपल्या होत्या. मी कार्ड लिहिलं, पत्ता घातला, आणि शेवटचं 'कळावे' लिहीत असताना ओळ आली. दोन ओळी, एकदम, जुळूनच. वही ट्रंकेत, ट्रंक आत्याबाईंच्या खाटेखाली. उठले असते तर ओळ गेली असती. कार्डाचा खालचा एक कोपरा कोरा होता. माझ्या हातानं तो फाडला. त्यावर बारीक अक्षरात मी ओवी उतरवली आणि चिटोरा पोथीत ठेवून दिला.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. जळगावला आमच्या घरीही अशी कार्डं आलेली मी पाहिली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधीच कळावं म्हणून कोपरा फाडतात. असं कार्ड घरात घेत नाहीत, दाराबाहेरच फाडून टाकतात आणि आंघोळी करतात. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी ओवीच्या धुंदीत माझा हात चालला. दुसऱ्या दिवशी मालक कापूस विकायला धुळ्याला निघाले. मी इतर सामानाच्या चिठ्ठीबरोबर ते कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते न बघता खिशात घातलं.

मी खूश होते. ओवी चांगली झाली होती.

आखाजीला दोन दिवस राहिले होते. आम्ही दोघी ओसरीवर सांजोऱ्या करत होतो. गावाच्या शिवेकडून रडण्याचा आवाज आला. बाया मयताच्या घरी येताना शिवेपासून हेल काढून रडत येतात, तसा. अक्कानं लाटणं थांबवलं.

"कोन मरनं वं?" असं म्हणून ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. "हाई तं मन्ही मायना आवाज शे!"

तिला वाटलं, तिचा बाप गेला. पिठाचे हात तसेच घेऊन ती अनवाणी धावली. मी मागे. चावडीपाशी तिची आई सुंदरबाई, केस सुटलेले, ऊर बडवत येत होती. मागे भाऊ तोताराम. त्याच्या हातात नवं हिरवं लुगडं होतं. सवाष्ण लेक गेली की माहेरचं लुगडं आणतात, ते.

सुंदरबाईनं समोर लेकीला पाहिलं आणि किंचाळली. जवळ येईना. आधी तिनं अक्काच्या पायांकडे पाहिलं, पावलं उलटी आहेत का ते. मग मटकन खाली बसली.

"पाय सुल्टा शेतस," ती म्हणाली. "मन्ही आंडेर जित्ती शे रे, तोताराम!"

मायलेकी रस्त्यात गळ्यात पडल्या. लोक जमले. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. तोताराम लुगडं धरून तसाच उभा होता. तो सांगू लागला की साक्रीच्या बाजारातून एका गाववाल्यानं कार्ड आणलं आणि कोपरा फाटका म्हणून उंबऱ्याबाहेरच ठेवलं. गावातल्या वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं लांबूनच झुंबरचं नाव वाचलं. पुढचं वाचा म्हणायला कोणाची छाती झाली नाही. हिवताप तर त्यांना ठाऊकच होता. कार्ड फाडून टाकलं. बाप, अभिमन आबा, तेव्हापासून खाटेवर होता.

घरी आल्यावर आत्याबाईंनी एकच विचारलं. "कार्डना कोपरा कोनी फाडा?"

मालक माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं की घरातली कार्डं मी लिहिते. आत चूल पेटलेली होती, सांजोऱ्यांची कढई तिच्यावर होती. माझ्या डोळ्यांपुढे अक्का नव्हती, तिची आई नव्हती, खाटेवर पडलेला म्हातारा नव्हता. माझी वही होती. मी तोंड उघडलं असतं की नसतं, देव जाणे. मला वाटतं, नसतं.

"मी फाडाले सांगं," अक्का म्हणाली.

तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

"खळामां व्हतू. कावळा डोकावर बसना. दोन्ही पाय टेकाडात त्यानी."

आमच्याकडे समजूत आहे. डोक्यावर कावळा बसला तर मरण येतं. ते टाळायचं तर माहेरी खोटी मयताची बातमी पाठवायची, माहेरचं माणूस खरं रडलं की मरण फिरून जातं. आमच्या गावात दोघींनी असं केलेलं सर्वांना माहीत होतं. आत्याबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"मंग माले का बरं नही सांगं?"

"तुमले सांगीसन काय? रडाले माहेरना मानसं लागतस. सासू रडस का कोठे!"

दारातल्या बायका हसल्या. आत्याबाईही थोड्या हसल्या. तोताराम मात्र हसला नाही.

"बापनी तीन दिन पोटमां दाना टाका नही," तो म्हणाला. "आनि तू कावळाना खेय करी राहिनी? सांगावा धाडीसन एक शब्द गुपचूप सांगता येत नव्हता?"

"सांगं तर रडनं खरं कसं व्हई, भाऊ?"

"बरं. आते आखाजीले मूळ कावळालेच धाडाले सांग."

तो पाणीही न पिता निघाला. आईला थांबायचं होतं, त्यानं थांबू दिलं नाही. सुंदरबाईनं ते हिरवं लुगडं उलटं गुंडाळून काखेत घेतलं. अक्का वेशीपर्यंत गाडीच्या मागे चालत गेली. परत आली ती सरळ सांजोऱ्यांना बसली. पीठ वाळलं होतं, तिनं पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं.

भटूभाऊ, अक्काचे मालक, चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. माझ्या मालकांनी मला रात्री विचारलं, "खरंच कावळा बसला होता?"

मी म्हटलं, "हो."

तोपर्यंत मी फक्त गप्प होते. त्या रात्री खोटंही बोलले.

आत्याबाईंनी तोडगा सांगितला, अकरा दिवस सकाळी कावळ्यांना दहीभाकर घालायची. अक्का रोज भिंतीवर घास ठेवायची. एक कावळा लंगडा होता, तो अकरा दिवसांनंतरही यायचा. "इंदिरा, तुन्हा कावळा उना वं," ती मला हाक मारायची, अगदी सहज, जसं मांजर आलं म्हणावं. मग मला कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. चिटोरा तिनं पोथीत पाहिला असणार. तिला वाचता येत नव्हतं, पण कार्डाचा कोपरा ओळखायला वाचता यावं लागत नाही.

माझी दुपार चालूच राहिली. पोथी, मासिक, वही. अक्का समोर सूप घेऊन बसायची. मी अध्याय वाचायची, पण ज्या शांतीसाठी वाचायचं ती काही येईना. देवाचं नाव घेताना त्या पानाआड तो चिटोरा असायचा. काढून फेकायचं म्हटलं तर तेही होईना. मी ठरवायची, श्रावणात सांगेन. मग दिवाळीत सांगेन. मग माझं दुसरं बाळंतपण आलं, आणि त्यात रात्रंदिवस अक्काच राबली. एकदा मी तोतारामला खरं लिहिलं, पण तिथं कार्ड तो म्हातारा वाचणार, सगळं गाव ऐकणार, म्हणून फाडून टाकलं. चव्वेचाळीसच्या आखाजीला मूळ आलं नाही. पंचेचाळीसलाही नाही. आखाजीच्या दिवशी अक्का दुसऱ्यांच्या लेकींना झोका द्यायची. त्या म्हणायच्या, "अक्का, तू बस ना." ती म्हणायची, "मन्हा कावळा वाट पाहस, त्याले खावाले देनं शे."

सेहेचाळीसच्या माघात कार्ड आलं. टपालवाल्यानं ते दाराबाहेर ठेवलं आणि हाक मारून निघून गेला. कोपरा फाटलेला. अक्का गोठ्यातून आली, शेणाचे हात. कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दख वं," ती म्हणाली. "खरा फाटेल शे, का तुन्हा सारखा?"

ती चिडून बोलली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. मी कार्ड उचललं. अभिमन आबा गेले होते. तीन दिवस झाले होते. मी तिला नाव वाचून दाखवलं. अक्का तिथंच शेणाच्या हातानं भिंतीला टेकून बसली. तिनं रडायच्या आधी एवढंच म्हटलं, "आंबा ठेवा म्हनू सांगेल व्हतं."

मी तिच्याबरोबर गेले. गाडीत मधल्या मुक्कामाला मी तिला म्हटलं, "अक्का, तिथं मी सांगणार आहे."

"कसाले? बाप तं गया."

"तू तेव्हा का बोललीस असं?"

ती बैलांकडे बघत होती. "वही जळती तर तू वाचाले बसतीच नही. तो तास मन्हा बी व्हता ना वं," ती म्हणाली. "दिनभरमां तवढाच."

तो तास तिचाही असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी तो नेहमी माझा समजत आले.

दहाव्याचं झाल्यावर, घरात माणसं बसलेली असताना, मी उभी राहिले.  कोपरा मी फाडला, कावळा कोणाच्याच डोक्यावर बसला नव्हता, हिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. सुंदरबाईला आता नीट ऐकू येत नव्हतं, तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हनी राहिनी ती?" शेजारणीनं कानात मोठ्यानं सांगितलं. म्हणजे ते सगळ्यांनी दोनदा ऐकलं.

तोतारामनं मान वर केली.

"तीन साल तुम्हीन गप बसनात, बाई?"

"हो," मी म्हटलं.

"मन्हा बापनी मरतावखत विचारं, झुंबर उनी का. मी सांगं, ती येत नही." तो उठून बाहेर गेला. अक्का त्याच्या मागे गेली. मी तिथंच उभी होते, मला कोणी बस म्हटलं नाही.

घरी परतल्यावर त्याच दुपारी मी आत्याबाईंना सांगितलं. मालकही होते. वही मी आधीच काढून चुलीजवळ ठेवली होती. आत्याबाईंनी वहीकडे पाहिलंही नाही.

"तो कोपरा कोठे शे?"

मी पोथीतून चिटोरा काढला. तीन वर्षांत तो पिवळा पडला होता.

"काय लिखेल शे? वाच."

मी वाचलं.

जात्याच्या मुखी दाणा, माझ्या मुखी तुझं नाव
दोघांचं होवो पीठ, देवा तेव्हा तरी पाव

आत्याबाईंनी चिटोरा हातात घेऊन उलटा करून पाहिला. मला वाटलं, त्यांना आणखी असेल असं वाटतंय.

"इतलंच?" त्या म्हणाल्या.

"इतकंच."

"इतला साठे?"

 मालक उठून अंगणात गेले. आत्याबाईंनी चिटोरा मला परत दिला. "ठेव त्या पोथीमां. रोज दखत जाय." वही त्यांनी जाळली नाही. जाळली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी आता मी आधी डाळ निवडते, दळणाचं माझं माझं उरकते, मग जो वेळ उरेल तो वाचते. कधी अर्धा अध्याय होतो. मासिक पोथीत ठेवत नाही, उघड वाचते, आणि आत्याबाई विचारतात, "त्या सावकारनं पुढे काय व्हयनं?" अक्का खडे वेचत ऐकते.

यंदाच्या, सत्तेचाळीसच्या आखाजीसाठी तिनं पुन्हा कार्ड आणून ठेवलं. तोताराम येईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, तिनं सांगितलं तेवढंच. लिहून झाल्यावर तिच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडे धरलं आणि अंगठ्यानं एकेक कोपरा चाचपला. एक, दोन, तीन. चौथ्याला ती जरा थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली, तोंडाला पदर लावून. मला हसता आलं नाही.

कार्ड टाकून पंधरा दिवस झाले आहेत. आखाजी परवा आहे. सकाळपासून अक्का दोनदा वेशीपर्यंत जाऊन आली. आत्ता पुन्हा गेली आहे, आणि तिच्या वाट्याच्या भाकरी मी थापते आहे.